अक्राला तिला घेऊन या

सोमवार, २ फेब्रुवारी. कुमासी.

सकाळी अक्राहून फोन. आफ्रिकेतल्या थोर शास्त्रज्ञांचा दरवर्षी सन्मान करणारी जी समिती आहे, तिच्या सचिव श्रीमती लाम्प्टे. नेटवर्क नेहमीप्रमाणे आजारी. तरी जेवढं ऐकू आलं तेवढं पुरेसं आहे. "प्रोफेसर द्वोमो, अभिनंदन... तुमचा विभाग... गोगलगायींवरचं संशोधन... सत्तावीसला व्यासपीठावर तुम्ही हवेतच, बोलायचं आहे... आणि तिला काहीतरी निमित्त काढून घेऊन या. तिला मात्र आधी कळता कामा नये हं." मग खरखर. मग शांतता.

तिला म्हणजे सेर्वाला. माझ्या बायकोला. किती विचारी लोक!

परत फोन करून नीट विचारावं असं क्षणभर वाटलं. पण अशा वेळी परत फोन करणं म्हणजे हपापलेपणा. केला नाही.

अखेर या खंडाला जाग आली म्हणायची. उमेदीची सगळी वर्षं मी एकाच प्रश्नाला वाहिली आहेत: गोगलगायीला घराची वाट आठवते का? सेर्वा लग्नापासून म्हणत आली आहे, "अरे यॉ, ती घर पाठीवर घेऊन फिरते. तिला वाट आठवून करायचंय काय?" सेर्वा शाळेत मुख्याध्यापिका आहे. विज्ञानाचा गंध नाही.

आजपासून संपूर्ण गुप्तता. आजपासून फुफू, म्हणजे कांडलेल्या कसाव्याचे गोळे, बंद. केंटेचं राजेशाही विणीचं कापड नेसून व्यासपीठावर पोट दिसायला नको.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

गुप्तता उत्तम चालली आहे. फक्त रेव्हरंड आन्टवींना सांगितलं, कारण धर्मगुरूपासून लपवणं बरं नाही. आणि न्हाव्याला, कारण तो वस्तरा हातात घेऊन "काय विशेष?" म्हणाला.

फुफू खाल्लं नाही. आंबवलेल्या मक्याचं केंके खाल्लं. केंके वेगळं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

भाषणाला सुरुवात. पहिल्या पानावर आजोबा आले, दुसऱ्यावर मी. गोगलगाय अजून आलेली नाही. येईल. तिचा स्वभावच सावकाश.

मावुसी दारात येऊन उभी राहिली. मावुसी अग्बेन्येगा, माझ्या विभागातली तरुण प्राध्यापक. पूर्वी माझीच विद्यार्थिनी. म्हणाली, "सर, हरमाटानचा वारा सुटलाय. मडकी ओली ठेवायला आणखी माणूस मिळेल का?" हिचं संशोधन म्हणजे मडकी. कोरड्या वाऱ्यात गोगलगायींची पिल्लं मरतात, म्हणून ही त्यांना जमिनीत पुरलेल्या मातीच्या मडक्यांत ठेवते, वर केळीचं पान. आसपासच्या गावांतल्या बायका येऊन बघून जातात. चांगलं आहे, पण याला मी कुंभारकाम म्हणतो. माणूस नाही म्हणून सांगितलं. मुलगी गुणी आहे. पुढेमागे तिलाही काहीतरी मिळेल. एखादं प्रमाणपत्र वगैरे.

शनिवार, ७ फेब्रुवारी

केंटेसाठी बॉनवायरला गेलो. विणकर म्हाताऱ्याने विचारलं, प्रसंग काय? मी म्हणालो, सांगता येत नाही. तो म्हणाला, "मग प्रोफेसरसाहेब, लग्नाची नक्षी देऊ की मयताची?" मी म्हणालो, राजाला शोभेल अशी. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कापड जरा जास्तच लागेल म्हणाला.

मंगळवार, १० फेब्रुवारी

कापड आलं. उजवा खांदा उघडा टाकून डाव्या खांद्यावर घ्यायचं. वाडवडील ते नेसून युद्धाला जात. मी आरशापासून कपाटापर्यंत जातो तोवर ते खाली येतं. सराव हवा.

सेर्वाने विचारलं, "हे कशासाठी?" मी म्हणालो, सांस्कृतिक जाणीव. ती म्हणाली, "बरं. जाणीव वर ओढ, बनियन दिसतंय."

तिला काडीचाही संशय नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

कालचं इथे लिहावं की नाही, या विचारात होतो.

सेर्वाच्या काकांची अंत्यविधीची मोठी सभा होती. सगळे काळ्या-लाल कापडांत, बँड, छत्र्या, अर्धी कुमासी. घरचा जावई म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं. माईक हातात आला, समोर गर्दी दिसली, आणि तोंडपाठ केलेलं आपोआप सुरू झालं. "मित्रहो, या क्षणाची मी कित्येक वर्षं वाट पाहत होतो."

थांबायला हवं होतं. पण पुढचं वाक्य याच वाक्याला चिकटलेलं आहे. "आज माझं हृदय आनंदाने भरून आलं आहे, आणि हे लवकर व्हायला हवं होतं अशी अनेकांची भावना आहे, तरी मी तक्रार करणार नाही."

काकू पहिल्या रांगेत. त्या शेजारणीला मोठ्याने म्हणाल्या, "यॉला आमचे हे आवडत नव्हते हे माहीत होतं गं. पण इतके?"

 घरी येताना गाडीत खिडकीकडे तोंड करून बसलेल्या सेर्वाचे खांदे हलत होते. काकांवर जीव होता तिचा.

दुःखात दोन वाट्या फुफू खाल्लं.

बुधवार, १८ फेब्रुवारी

सेर्वाला अक्राला नेण्याचं निमित्त शोधलं. म्हणालो, सत्तावीसला अक्राला जाऊ, समुद्र बघू. ती म्हणाली, "तुला समुद्र लागतो. काठावर उभा राहिलास तरी उलटी होते." मी म्हणालो, माणूस बदलतो. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "चल. पण भाषण वगैरे काही करणार नाहीस ना समुद्रापुढे?"

हा योगायोग असावा.

सोमवार, २३ फेब्रुवारी

सचिवबाईंचा पुन्हा फोन. मी वर्गात होतो, शिपायाने घेतला. निरोप: "सगळं ठरल्याप्रमाणे ना? त्यांना आणताय ना?" मी उलट निरोप ठेवला: आणतोय, शंकाच नको.

मावुसीला बोलावून ताकीद दिली. शुक्रवारी मी नाही. तिने गोगलगायी सोडून हलायचं नाही. छप्पर कोसळलं तरी नाही. राष्ट्राध्यक्षांचा फोन आला तरी नाही. ती म्हणाली, "नाही हलणार, सर." मग जरा घुटमळून म्हणाली, "सर, न्हावी म्हणत होता तुम्हाला काहीतरी मोठं मिळतंय. मला खूप आनंद झाला." डोळे भरले होते पोरीचे. मी म्हणालो, अफवांवर विश्वास ठेवू नये. पण सत्कार ठेवलात तर फुलं पांढरी ठेवा, मला पिवळ्या फुलांनी शिंका येतात.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी. अक्रा. सकाळी.

हॉटेल झकास. केंटेला आतून सेफ्टी पिना लावल्या आहेत. वाडवडिलांकडे पिना असत्या तर युद्धं जिंकली असती. भाषण चाळीस मिनिटांचं झालं आहे. गोगलगाय शेवटी येते, पण येते. आता रंगीत तालमीला जातो.

त्याच दिवशी, दुपार व्हायच्या आत.

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

सभागृहात श्रीमती लाम्प्टे पुढे आल्या. "आलात! आणि त्यांना आणलंत ना?" मी सेर्वाला पुढे केलं. म्हणालो, ही बघा.

त्या म्हणाल्या, "या कोण?"

माझी पत्नी.

"हो का, आनंद झाला, मॅडम. पण डॉक्टर अग्बेन्येगा कुठे आहेत?"

मग त्यांनी सगळं नीट, नेटवर्कशिवाय, समोरासमोर सांगितलं. सन्मान मावुसीचा. पिल्लं वाचवण्याच्या पद्धतीसाठी. ती आता चार देशांतल्या बायका वापरतात. मी विभागप्रमुख म्हणून तिची ओळख करून द्यायची. वेळ दोन मिनिटं. तिला आधी कळू द्यायचं नव्हतं, कारण समितीला तिचा आनंद बघायचा होता.

मी विचारलं, घराच्या वाटेबद्दल काहीच नाही का? श्रीमती लाम्प्टेंना वाटलं मी बाहेर जायचा रस्ता विचारतोय. त्यांनी दार दाखवलं.

सेर्वा बाहेर येऊन पायरीवर बसली. मी म्हणालो, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "तुला काहीतरी मिळतंय हे सगळ्या कुमासीला माहीत होतं. मी आपली गप्प बसले, म्हटलं गुडघ्याला बाशिंग बांधलंयच तर लग्न तरी बघू. नवरी दुसरीच आहे हे मला कुठे ठाऊक? खरंच वाटलं होतं रे, या वेळी तुझं काहीतरी होणार." हे ती न हसता म्हणाली. हसली असती तर बरं झालं असतं.

मग मला आठवलं की नवरी कुमासीत मडक्यांवर पाणी शिंपडते आहे, आणि छप्पर कोसळलं तरी हलणार नाही.

मी फोन केला. मावुसी, ताबडतोब अक्राला ये. ती म्हणाली, "नाही सर." मी म्हणालो, मी सांगतोय. ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत, कुणीही बोलावलं तरी हलायचं नाही. माझी परीक्षा घेताय ना? मी फसणार नाही." आणि हसून फोन ठेवला. पुन्हा लावला. उचललाच नाही. माझा शब्द इतका मानणारं माणूस विभागात दुसरं नाही, आणि नेमकं आज.

सेर्वाने माझ्या हातातला फोन काढून बाजूला ठेवला. स्वतःच्या फोनवरून लावला आणि आवाज बारीक करून म्हणाली, "मावुसी बाळा, सरांना चक्कर आलीय. तुझंच नाव घेताहेत." पलीकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला. बहुधा मडकं.

खोटं बोलणं वाईट. पण मला खरंच चक्कर आली होती.

दुपारी.

ती निघाली आहे. विमानात शेवटची जागा मिळाली.

दोन मिनिटांत काय बोलायचं? तिच्या संशोधनाबद्दल मला मडकी या शब्दापलीकडे काही माहीत नाही. सेर्वा म्हणाली, "निबंध वाच ना तिचा. त्यावर तुझंही नाव आहे." आहे खरं. फोनवर शोधून काढला. लॉबीत बसून वाचला.

चौथं पान कळलं नाही. परत वाचलं. मग कळलं. पिल्लं उन्हाने मरत नाहीत. वाऱ्याने कवच मिटून घेतात आणि आत उपाशी मरतात. तिने मडक्यातली ओल अशी राखली की त्यांना मिटून घ्यावंसंच वाटू नये. इतकं साधं. माझ्या कुंपणातही दर वर्षी मरत होती. मी त्यांची वाट मोजत होतो.

चांगलं काम आहे. फारच चांगलं आहे. माझ्या वेळी मला का नाही सुचलं, हा वेगळा प्रश्न.  मी दोन ग्लास पाणी प्यायलो.

संध्याकाळी, सभागृहातून परतल्यावर.

ती आली ती धावतच. गुडघ्यापर्यंत गमबूट, अंगावर कामाचा डगला, केसांत केळीच्या पानाची चिंधी, एका हातात माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, दुसऱ्यात शहाळं. केंटे नेसून उभा असलेला मी दिसलो तशी थांबली.

"सर, तुम्ही तर ठणठणीत आहात!"

मी म्हणालो, तसा आहे.

"आंटी, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात? विमानात मी सबंध वेळ प्रार्थना करत होते! शेजारच्या माणसालाही करायला लावली!" इतकी चिडलेली तिला मी कधी पाहिली नव्हती. ती अजून शहाळं माझ्या नाकासमोर नाचवत होती, तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं.

व्यासपीठावर गेलो. चाळीस मिनिटांचं भाषण खिशात होतं. केंटेला खिसा नसतो, म्हणजे ते कुठे होतं देव जाणे. मी म्हणालो, "दाराशी गमबूट घालून माझ्यावर चिडून उभी आहे, ती डॉक्टर मावुसी अग्बेन्येगा. हिच्यामुळे पिल्लं जगतात. मी आजच वाचलं." याच्यापुढे काही सुचलं नाही. दोन मिनिटंही भरली नाहीत.

सगळे उठून उभे राहिले. मावुसी मागे वळून बघत होती, कुणासाठी उभे राहिले म्हणून. सेर्वाने तिला पाठीवर हात ठेवून पुढे ढकललं. व्यासपीठावर आली तेव्हा तिने शहाळं धरायला माझ्याकडे दिलं. त्याच क्षणी पिना सुटल्या. एक हात शहाळ्याला, एक केंटेला, त्यामुळे मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. कुणी याचा गैर अर्थ काढू नये.

रविवार, १ मार्च. कुमासी.

मी कुणाला काही कळवलं नव्हतं. कळवायला हवं होतं.

चर्चच्या दारावर रस्त्याएवढा रुंद बॅनर. माझा फोटो, खाली "आफ्रिकेचा थोर शास्त्रज्ञ". बँड. पांढरी फुलं. रेव्हरंड आन्टवींनी मला थेट वेदीपाशी नेलं. मावुसी सेर्वाशेजारी बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती ओठांनीच म्हणाली, "राहू द्या, सर."

राहू द्यावं असं मलाही वाटलं. फार वाटलं. फुलं खरोखर सुंदर होती.

मी माईक घेतला आणि म्हणालो, सन्मान मला मिळालेला नाही. डॉक्टर अग्बेन्येगांना मिळाला आहे. माझा त्यात काही हात नाही.

 मग मागच्या बाकावरून न्हावी ओरडला, "बघा! केवढा मोठेपणा!" सगळं चर्च टाळ्या पिटायला लागलं. मी म्हणालो, अहो, खरंच नाही मिळाला. रेव्हरंडनी डोळे पुसले. "श्रेय विद्यार्थिनीला देतोय! असे गुरू आता कुठे राहिलेत?" मी म्हणालो, मी तिचा निबंधसुद्धा वाचला नव्हता. हे ऐकून गायकमंडळी उभी राहिली आणि गायला लागली.

तरुण पोरांनी मला खांद्यावर उचललं. मी वरून ओरडत होतो, मला खाली ठेवा, तिला उचला. खाली दोघीजणी एकमेकींना धरून हसत होत्या. मावुसीचा राग गेलेला दिसला.

काकू मात्र शेजारणीला म्हणत होत्या, "याला माईक देऊच नये गं."

सोमवार, २ मार्च

पेपर आले. मावुसीचा मोठा फोटो. आता सगळ्यांना कळलं. न्हाव्याने आज काही विचारलं नाही.

दुपारी चर्चपाशी गेलो. बॅनर उतरवून उलटा केला होता. मागची बाजू कोरी आहे. रंगारी शिडीवर चढून तिचं नाव लिहीत होता. शिडी हलत होती. कुणीतरी धरायला हवी होती, म्हणून मी धरली.

अग्बेन्येगामधलं एक अक्षर त्याने गाळलं होतं. मी खालून दाखवून दिलं. ते सुधारलं.