नसलेले टॉन्सिल

शहादा, मंगळवार, संध्याकाळ

जेवतानाही तोच घसा डोळ्यांसमोर, आणि मी एकटाच हसतोय.

चार वर्षांच्या गोपालला यंदा चौथ्यांदा न्यूमोनिया झाला, तेव्हा मी टॉर्चने पुन्हा घसा पाहिला. टॉन्सिलच नाहीत. इतके दिवस मी सुजलेले शोधत होतो. नसलेले कोण शोधतो? त्याची आई म्हणाली, “याना मामाबी असाच न्हानपनी गया.” लगेच रक्त पाठवलं. आज रिपोर्ट आला: अँटीबॉडी जवळपास शून्य. त्या बनवणाऱ्या पेशीच नाहीत, म्हणून टॉन्सिलही नाहीत, आणि म्हणूनच जिवाणू पुन्हा पुन्हा घुसत होते! आता दर महिन्याला बाहेरच्या अँटीबॉडी शिरेतून देता येतील. पोर वाचेल.

आईने विचारलं, “मंग मन्ही नजर नही ना लागनी?”

“नाही लागली, ताई.”

मामाचाच आजार, तिला स्वतःला न होता, तिच्याच रक्तातून पोरात उतरलाय, हे मात्र तोंडातून निघेना.