शेवटच्या दारापाशी चौघे

श्री

भिसेगाव, कर्जत
६ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
मिहीरचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून हसशील. पण फोनवर बोलायची सोय नाही. मी मोबाइल कानाला लावला की आई गॅस बारीक करून कान टवकारते. म्हणून हा कागद.

बातमी अशी, की काकांनी मस्कतहून आणलेला आपला तो जुना सात दिव्यांचा गेम आता नव्या मशीनसाठी पुन्हा काढलाय. दिवाळीत घेतला. तीच ठोकळ्यांची चित्रं, तेच डोक्यात बसलेलं संगीत. नावंही मी तीच दिली: तलवारवाला बाबा, औषधवाली आई, जादूवाली चारू आणि धनुष्यवाला मिहीर. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी त्यांचं नाव टाइप करताना हात अडला नाही. टाकल्यावर मात्र नुसता बघत बसलो.

आता त्यात सगळ्या सोयी आहेत. चालायचा कंटाळा आला तर पळता येतं, मारामारी नको तर बंद करता येते, चुकलं तर मागे जाता येतं. लहानपणी जिथे पोचायला आपली अख्खी मे महिन्याची सुट्टी गेली, त्या दारापाशी मी आठवड्यात पोचलो. आठवतं ना? चौघांपैकी एकाने दार धरून कायमचं मागे राहायचं, तरच बाकीचे तिघे पुढे. आपण कोणाचंच नाव निवडलं नाही. रडलो, भांडलो, आणि एके दिवशी कॅसेटमधला सेलच संपला. सगळं पुसलं गेलं, आपण सुटलो.

या खेपेला सेल संपणार नाही. कामावरून आलो की मशीन लावतो, दारापर्यंत जातो, मागे फिरतो, उगाच जंगलात हिंडतो, बंद करतो. जेवणात लक्ष नाही. शेजारची भागूबाई आईला सांगून गेली, की पोराला काय लागीर झालंय का बघ.

हो, एक राहिलंच. कंपनी मला बडोद्याला पाठवतेय, निदान तीन वर्षं. इतके दिवस ज्याची वाट पाहिली तेच काम आहे. आई भिसेगाव सोडणार नाही, हे तुला ठाऊकच आहे. महिनाअखेरीला उत्तर द्यायचंय. दाजींना नमस्कार, सानवीला पापा.

कळावे. चिडलीस तरी लोभ आहे तसाच ठेव.
तुझा,
मिहीर

---

खालापूर
१० नोव्हेंबर

चि. मिहीर यास,
अ. उ. आ.

पाकिटावर लाल शाईने ‘खाजगी’ लिहिलंय, ते उगाच नाही. आपल्याकडे पत्र माणसाला येत नाही, घराला येतं. बाबा तर ओटीवर बसून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे. तेव्हा टपाल आधी तू हातात घे.

अरे शहाण्या, चाळिशीकडे झुकलास आणि शिंगं मोडून वासरांत शिरलास! पानभर गेम, आणि बडोदा शेवटी चार ओळींत? तू दाराविषयी विचारत नाहीयेस, हे मला कळत नाही असं वाटलं का तुला?

पण खरं सांगते, ते दार माझ्याही डोक्यातून जाईना. शाळेत पेपर तपासताना मनात आलं, बाबांना ठेव मागे, नाहीतरी ते आता... आणि लाल पेन खाली ठेवलं. माझीच मला लाज वाटली. त्यापेक्षा चारूला ठेव. शनिवारी शाळा सुटली की एसटीने येईन, रविवारी राहीन. इकडे सासूबाईंचे गुडघे आहेत, आईला आणायचं तर खोल्या दोनच, सगळं खरं. तरी जमवू.

राग आलाय तोही लिहिते. मी लग्न होऊन इकडे आले म्हणून आईचं काही ठरवताना मला ‘एक राहिलंच’ म्हणून विचारायचं, हे चालणार नाही. ती माझीही आई आहे. तू जा. तिच्यासमोर मात्र इतक्यात अवाक्षर काढू नकोस, उगाच तिचा रक्तदाब वाढेल.

कळावे. माया पातळ होऊ देऊ नकोस, आणि जेवत जा.
तुझी,
ताई

---

भिसेगाव, कर्जत
१४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र टेबलावर नीट ठेवलेलं मिळालं. आईला काही कळलेलं नाही, निश्चिंत राहा.

तुझं म्हणणं मला पटत नाही. दर शनिवारी तू धावत यायचं, सोमवारी धावत जायचं, आणि मी बडोद्यात मजेत? मी राहतो. सोमवारी कंपनीत नाही म्हणून सांगतो. गेममध्येही माझंच नाव निवडायचं ठरवलं. बोट बटणावर ठेवलं आणि मशीन बंद करून बाहेर पडलो. स्टेशनपर्यंत गेलो, चहासुद्धा न घेता परत आलो. मग कपाट आवरायला काढलं आणि अर्धवट टाकलं. आईने विचारलं, काय हरवलंय. मी म्हटलं, काही नाही.

ठरवल्यावर माणूस शांत होतो म्हणतात. मी का होत नाही गं?

असो. रागावू नकोस, लोभाला कात्री लावू नकोस.
तुझा,
मिहीर

---

श्री

भिसेगाव, कर्जत
१५ नोव्हेंबर

चि. चारू आणि चि. मिहीर,
दोघांना आईचे अनेक आशीर्वाद.

एकच मजकूर दोनदा लिहितेय. एक चारूला टपालाने, एक मिहीरच्या ताटाखाली.

चारू, लाल शाईने ‘खाजगी’ लिहिलेलं पाकीट कोणती आई तसंच ठेवील? आणि मिहीर, तू तर शहाण्यांचा शिरोमणी! कालचं पत्र पेटीत टाकायला माझ्याच हातात दिलंस. वाचलं, भाताच्या शिताने चिकटवलं आणि टाकलं. माझा रक्तदाब ठीक आहे.

राग आला तो एवढ्याचाच. कोण मागे राहणार यावरून दोघं झुरताय, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय तिला विचारायचं एकालाही सुचलं नाही. लहानपणीही नाही. तुम्ही खेळायचात तेव्हा मी मागे तांदूळ निवडत बसायची. ते दार मलाही पाठ आहे. विचारलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं.

आज मिहीर कामावर गेल्यावर मशीन लावलं. रोज बघून बटणं कळली आहेत. आधी त्या आईच्या पिशवीतली औषधं काढून तुम्हा तिघांत वाटली. तिचा चांगला झगा चारूला दिला. दारात उभं राहायला कशाला हवाय? मग तिच्या नावावर बटण दाबलं. मशीनने पुन्हा विचारलं, नक्की ना? मी हो म्हटलं. मिहीर, मागे जाता येईल अशा सगळ्या जागी तेच सेव्ह केलंय. आता उलट फिरायचं नाव काढू नकोस.

सोमवारी कंपनीत हो सांग. मला इथे कोणी मागे ठेवत नाहीये, मी माझ्या घरात राहतेय. एकटीला भीती वाटेल, दिवेलागणीला जास्त. वाटली तर वाटली. भागूबाईचं ‘आमी हाय ना’ चालूच असतं. चारू, तू ये. पण लेक म्हणून ये, पाळी लावल्यासारखी नको.

दार लागलं आणि तुम्ही पुढे निघालात. हे सगळ्यांत पुढे होते, तलवार घेऊन, तुम्ही दोघं त्यांच्या मागे. तीन वर्षांनी यांना चालताना पाहिलं रे. मशीन बंद करवेना. खूप रडले, मग हलकं वाटलं. यांच्या मागून जाताय म्हटल्यावर मी तुमची काळजी कशाला करू?

मिहीर, वाचून झालं असेल तर आता पोटभर जेव. वालाचं बिरडं केलंय.

लोभ मागत नाही, तो आहेच.
तुमची,
आई