मागच्या फळीतलं पाणी

प्रिय सौरभ,

फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. फाडायचा तर फाड, पण आधी वाच. बोटीत शिरणाऱ्या पाण्यावरून आबांशी भांडून तू करंजाड्याला गेलास आणि इकडे त्यांनी तुझी बोट विकायला काढली, हे कळलंच असेल तुला. अलिबागचं गिऱ्हाईक रविवारी यायचं होतं. बोट गेली असती तर सारसोळ्याच्या जेट्टीवर आबांचं नाव घेऊन लोकांचं ‘पोपटच्या पोरानं भंगार उचलून आणलं’ हेच कायमचं राहिलं असतं, आणि तूही परत घराची पायरी चढला नसतास. माझा जीव त्यात अडकला होता. म्हणून आबांना म्हटलं, रविवारपर्यंत थांबा, पाणी कुठून शिरतं ते मी बघते. तर म्हणाले, शिवा मेकॅनिकला सापडलं नाही, तू काय दिवे लावणार?

शिवाची गाडी बेलोवरच अडलेली. बाहेरचा पंख्याचा ड्राइव्ह आणि आतलं इंजिन यांच्यामधला तो रबरी भाता त्यानं तुझ्यादेखत दोनदा बदलला, आता तिसऱ्यांदा बदलायला निघाला होता. मी म्हटलं, थांब रे बाबा. बोटीचा तळ कोरडा खडखडीत पुसला, आणि मागच्या फळीला, तुझ्या भाषेत ट्रान्समला, आतून आयचा अख्खा पावडरचा डबा फासला. पाण्याची रेघ उमटेल तिथे चोर, असा हिशेब. बोट पाण्यात सोडली. तासभर काहीच नाही! शिवा हसायला लागला. उभी असताना गळत नाही, चालवली की गळते, म्हणजे बेलोच, म्हणाला. मलाही जवळजवळ पटलं होतं.

मग आठवलं, न्हावा शेव्याला जहाजांवर माणसं सोडायला जायचास तेव्हा तुझी तक्रार एकच असायची. माणसं असली की पाणी, रिकामी आणली की कोरडी. मग माणसं बसवूनच बघू की! पुतळामावशी मासे विकून परत येत होती, तिला धरून मागच्या बाकावर बसवलं. शेजारी तिच्याबरोबरची सरोजिनी, आणखी दोघीजणी, त्यांच्या टोपल्या. मावशी ओरडत होती, मला बुडवतेस काय गो! बोट मागून चांगली खाली बसली. इंजिन बंदच. मी आत टॉर्च घेऊन वाकलेली. आणि पावडरीवर एक ओली रेघ उतरली, मग तिच्याशेजारी दुसरी. बेलोपासून हातभर लांब! इंधनाच्या टाकीमागे हात घातला तर दोन बोल्ट लागले.

कसले, सांग बघू? आयच्या नावाच्या पितळी पाटीचे. गेल्या नारळी पुनवेला आबांनी गुपचूप करून आणलेली ती ‘चांगुणा’. जन्मात बायकोशी गोड बोलले नाहीत, ते एकदम पाटी लावून मोकळे झाले. स्वतः ड्रिल मारून मागच्या फळीला आरपार भोकं पाडली. बोट तेव्हा रिकामी, पाटी पाण्याच्या वर छान दिसत होती. माणसं बसली की ती पाण्याखाली, आणि भोकात ना सीलंट ना रबर. पण आयच्या नावावर संशय कोण घेणार!

पाटी काढली. फळी ठोकून पाहिली, आवाज टणक आला, आतलं लाकूड कुजलेलं नाही, नशीब आपलं. भोकं नीट सुकवून इपॉक्सीनं भरली. ती कडक झाल्यावर पुन्हा पावडर आणि पुन्हा तीच मंडळी. या खेपेला मावशी मुद्दाम पोटभर जेवून आली होती. एक थेंब नाही! पाटी आता स्टिअरिंगपुढे नुसती चिकटवली आहे. आय म्हणते, बरं झालं, मेल्यांनी मला नाकापर्यंत बुडवून ठेवलं होतं.

आबा सगळा वेळ जेट्टीवर उभे होते. गिऱ्हाइकाला त्यांनीच नको म्हणून कळवलं. आज माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, त्याला लिही. काय लिहू, मी विचारलं. मग म्हणाले, “लिही, बोट तू चांगलीच आणली होतीस. भोकं मी पाडली.” एवढं लिहिलेलं मला मोठ्यानं वाचायला लावलं. ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, “येल ना तो?”  याचं उत्तर तूच येऊन दे रे.

तुझीच,
नंदिनीताई