ओल्या मातीचं ठिगळ

आरोंदा, ५ जानेवारी २०२५

चि. सौ. सत्यवती हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट मला ओरडून सांगता येत नाही, म्हणून लिहितो. चौथी शिकलेला मी, चुका सांभाळून घे.

काचबिंदूने डोळे गेल्यापासून तुझी वहिनी नर्मदा दोन वर्षं खांबाला टेकून बसून होती. दिवाळीत नात रियाने तिच्या हातात मातीचा गोळा दिला. चाक नाही, काही नाही. आता ती मातीच्या वळ्या करते, एकीवर एक ठेवून बोटांनी जुळवते. कळशीएवढं मडकं उभं राहिलं. काठ जराही वाकडा नाही, गो! डोळे असून मला सरळ रेघ मारता येत नाही.

पण मीच घात केला. सावलीत सुकेल की नाही या धास्तीने ते उन्हात ठेवलं. तडा गेला. घाबरून वर ओली माती थापली. रिया म्हणते, असं ठिगळ विस्तवात फुटतं. नर्मदेला सांगू कसं? पुन्हा खांबाला टेकली तर?

तुझा लवूदादा

फोंडाघाट, ९ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

वाचून आधी हसले, मग रडले. आईची लोणच्याची बरणी फोडून असाच भाताच्या कणगीमागे लपला होतास. वहिनीची बोटं तुझ्याहून हुशार आहेत. आजच सांग. नाहीतर एसटीने येते आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं बोलते.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
सत्यवती

आरोंदा, २ फेब्रुवारी

चि. सौ. सत्यवतीस आशीर्वाद.

सांगायला गेलो, तर तिला आधीच ठाऊक. ठिगळावर हात फिरवून म्हणाली, हय गार लागता, अंगठो तुमचोच. तिने ते मडकं स्वतःच फोडून पाण्यात भिजवलं आणि मला समोर बसवलं. नव्या मडक्याला आतून मी गोटा धरायचा, बाहेरून ती फळीने थापणार. गोटा सारखा निसटे तेव्हा विचारी, गोटो धरतास की जितो मासो?

पंधरा दिवस ते सावलीत होतं, मी बोट लावलं नाही. काल नारळाची सोडणं आणि शेणी रचून भाजलं. आत काही तडकलं की माझा जीव उडे. राख निवल्यावर रियाने बाहेर काढलं. अख्खं! नर्मदेने ते मांडीवर घेतलं, काठापासून बुडापर्यंत चाचपलं आणि मला म्हणाली, कसां दिसता?

डोळे गेल्यापासून कुठल्याच वस्तूबद्दल तिने असं विचारलं नव्हतं. मी सांगू लागलो, तांबूस आहे, एका अंगाला धुराचा काळा पट्टा आहे, आणि मग घाईघाईने मडकं फिरवून बघू लागलो. ती म्हणाली, सावकाश सांगा, माका खंय जावचा आसा?

तुझी माया आटू देऊ नकोस.

तुझा लवूदादा