खांबावरून न आलेली वीज

४ नोव्हेंबर
पोचलो एकदाचे नारिनला! घर लहान, पण आपलं. खिडकीतून नदी दिसते. काठाला आत्ताच बर्फ धरलंय. परवा इथल्या इस्पितळात मी रुजू होणार. तिथल्या परिचारिकांनी आजच तळलेल्या कणकेचे फुगीर बोर्सोक आणि जर्दाळूचा मुरंबा पाठवला, इतकी माया! लेक आयदाय सगळ्या खोल्यांतून धावून आली. तिच्या दम्यामुळे कोळशाची शेगडी पेटवायची नाही असं आमचं आधीच ठरलंय. कुबात म्हणतो, विजेचा हीटर बसवून फरशीच तापवू, पोर अनवाणी हिंडेल. नवरा ट्रक चालवतो, पण हाताचा फार हुशार.

७ नोव्हेंबर
शेजारच्या बुरमा-एजे, सगळ्या गल्लीची थोरली ताई, चहाला आल्या होत्या. भिंतीतून लोंबणाऱ्या वायरी बघून त्यांनी कपाळाला हात लावला. “अगं, सागिनला बोलवा. लायसनवाला वायरमन आहे तो. इंजिन खोलता येतं म्हणून तुझा नवरा भिंतीही खोलणार का?”
कुबात हसला. “एजे, सागिन येणार, चहा पिणार, मान हलवणार आणि मार्चात नवरोज झाल्यावर बघू म्हणणार. तोवर आम्ही काय गारठून मरू?”
मलाही हसू आलं.

१२ नोव्हेंबर
आज स्वयंपाकघराची भिंत फोडली. आत एक काळी वायर निघाली, आधीच्या मालकाने घातलेली. मेन स्विच बंद होता, तरी टेस्टर पेटला. कुबातने वायर ओढली, तर ती येतच राहिली. फरशीवर वेटोळ्यांचा ढीग झाला, पण टोक काही येईना. हाताला कोमट लागत होती, अंगाखालच्या चादरीसारखी.
मी म्हटलं, आता तरी त्या वायरमन दादांना, सागिन-बाइकेंना बोलवू. कुबात उखडला. चालू वायर आयती मिळाली तर तुला नको का, म्हणाला. दुपारी त्याने ती मधेच कापली, टोक सोललं आणि हीटर आणि दिवा तिलाच जोडले. जोडताना झटका बसून बोटं काळवंडली. पण फरशी छान तापली. आयदायची छाती आज वाजत नाही. मग सागिन-बाइकेंचा विषय मीही सोडला.

१९ नोव्हेंबर
संध्याकाळी अख्ख्या गावाची वीज गेली. दिवा फक्त आमच्या घरात. लोक रस्त्यावर थांबून बघत होते. दारात कुणीच आलं नाही.
कुबात तापल्या फरशीवर बसला होता, आणि हात बर्फासारखे गार. नाडी पाहिली. फार मंद. दिवाही लुकलुकत होता, तसाच मंद. मनगट धरून मी वर बघत राहिले. ठोका, उजेड. ठोका, उजेड.

२१ नोव्हेंबर
मीच जाऊन सागिन-बाइकेंना घेऊन आले. त्यांनी खांबावर चढून आमची तार तोडली. तरी दिवा चालूच. मग त्यांनी काळ्या वायरीजवळ कान नेला, आणि डोक्यावरची टोपी काढली.
“पोरी, ही वीज खांबावरून येत नाही.”
मग कुठून, असं विचारलं. ते कुबातकडे बघत राहिले. आधीचा मालकही सगळं स्वतःच जोडायचा, म्हणाले. त्याचं प्रेत उचलायला आलो तेव्हाही घरात दिवा जळत होता. जोडायच्या आधी बोलावलं असतं तर टोक बंद करून भिंत लिंपून टाकली असती. आता तोडली तर याचं काय होईल, मी सांगू शकत नाही.
हत्यारं तिथेच टाकून गेले.

२२ नोव्हेंबर
हीटरची कळ बंद करून पाहिली. कुबात जागच्या जागी कोसळला. घाईघाईने चालू केली. डोळे उघडले त्याने.
पुन्हा हात लावणार नाही.

२४ नोव्हेंबर
कुबात उठत नाही. घर भट्टीसारखं. बुरमा-एजे फाटकातून ओरडून सांगतात, पोरीला घे आणि नीघ. त्याला असा टाकून कशी —

२५ नोव्हेंबर
कुबात गेला. नाडी नाही. नाकाशी आरसा धरला, वाफ नाही.
दिवा चालू आहे.
भरभर लुकलुकतोय. मोठ्या माणसाची नाडी इतकी जलद नसते. लहान मुलाची —
आयदायचे हात गार आहेत.

दुपार
उचलून धावले. फाटकाशी तिचे ओठ निळे पडले. परत आत आणलं. आत श्वास चालतो. बाहेर नाही.

वायरीचं सोललेलं टोक डाव्या मुठीत धरलंय. उजव्या हाताने लिहितेय. आधी काहीच झालं नाही. मग दिवा अडखळला — आता सावकाश — माझ्या ठोक्यावर —
तिचे गाल लाल होतायत. तिला सांगितलं, जा, मागे बघू नकोस. गेली. फाटक ओलांडलं. श्वास घेतेय — एजेंनी कडेवर घेतलंय — हाक मारतेय मला —
एजे, तिला आत येऊ देऊ नका. आणि सागिन-बाइकेंना सांगा, भिंत — पण आत्ता नको — पोर लांब पोचू दे — बोटं कळत नाहीत — अजून थोडं, अजून