सहा काळ्या फरश्या

दादा,

साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, तेव्हा तूर्त मनातल्या मनात). तुमची तब्येत कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? तुमची बहीण गेले आठ दिवस तुमच्याकडेच आहे, तेव्हा ती मजेत असणारच.

तिने काय काय सांगितलंय देव जाणे, पण माझीही बाजू ऐका. तीस वर्षं गणित शिकवून रिटायर झालो, म्हणून हॉलच्या फरशीत π बसवायची हौस होती. दशमान पद्धतीत दहा अंकांना दहा रंग लागणार आणि दुकानदाराकडे दोनच, काळा आणि पांढरा. म्हटलं, देव पावला! द्विमान पद्धतीत एक आणि शून्य, एवढ्यावर भागतं. एकाला काळी, शून्याला पांढरी. (हिला हिरवी हवी होती. हिरवा अंक कुठून आणू?) मिस्त्री भला माणूस, पण पहिल्याच रांगेत चार पांढऱ्यांनंतर सलग सहा काळ्या सांगितल्या, तर थापी खाली ठेवून म्हणाला, साहेब, नक्षी चुकतेय. मी समजावलं की यात नक्षीच नाही, मागच्या फरश्या बघून पुढची ओळखता येत नाही. त्यावर ही म्हणाली, "घाला हो. यांचं पुढचं पाऊल कुठे पडेल हे मला पस्तीस वर्षांत कळलं नाही, फरशीचं काय घेऊन बसलात!"

आता त्या सहा काळ्या नेमक्या स्वयंपाकघराच्या दारासमोर आल्या, यात माझा काय दोष? शेजारच्या काकू खड्डा समजून उडी मारतात (वय सत्तर). हीसुद्धा चहाचा ट्रे घेऊन येताना तिथेच दचकली, पडली, कप फुटले, आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरून तुमच्याकडे. दोन कपांपायी एवढा राग! मी मात्र शांत आहे. चहा स्वतः करतो, फक्त साखरेचा डबा अजून सापडलेला नाही.

बाकी सगळं ठीक. मुलांना माझी आठवण सांगा.

तुमचा (अजून तरी) मेव्हणा

ता. क. मिस्त्री सोमवारी त्या सहा फरश्या उखडायला येतोय. π बिघडला तर बिघडू दे. हिरव्या कुठे बसवायच्या ते तिनेच येऊन सांगावं, एवढं तिच्या कानावर घाला.

आणखी एक. वर मी एक गोष्ट गाळली. ही खाली पडलेली असताना मी विचारलं होतं, "कप कितव्या अंकावर फुटले?" (चौदाव्या. वहीत नोंद आहे.) तुला लागलं का, हे विचारायचं राहिलं, ते आजतागायत. दादा, तिला लागलं होतं का हो? थांबा, तुम्ही विचारू नका. माझा फोन ती उचलत नाही. रविवारी सहाला तुमच्या फोनवर करतो. तेवढा तिच्या हातात द्या. मीच विचारतो.