वाघ्या बेवारस नव्हता

त्या सकाळी मी चूल पेटवली, पेज उतरवली, ओटा सारवला आणि परळात पेज ओतून कुत्र्यांना हाक मारली. तिघे आले. वाघ्या बांधाजवळ पडला होता, तोंडाला फेस. पंचायतीने बेवारस कुत्र्यांसाठी विषाचे गोळे टाकले होते.

म्हणून मी, पुतळाबाई दामू ठोंबरे, वय अंदाजे एकसष्ट, राहणार करंजपाडा, तालुका खालापूर, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे, कोणाचे दडपण नाही. राग आहे, तो लपवत नाही.

वाघ्याच्या गळ्यातला बिल्ला घेऊन मी पंचायतीचा कारकून आबाजी याच्याकडे गेले.

"वैनी, परवाना दामूदादाच्या नावावर. दादा गेला, परवाना संपला."

"आरं, मी जिती हाय ना? रोज खायाला कोन घालतं?"

"कागदावर तुमी नाय. आनि घरटी दोनच कुत्री चालतात. तुमची अजून तीन हायेत."

यात माझी चूक आहे. दर वर्षी अर्ज मीच भरत असे. नवरा हयात असताना मालक म्हणून आपले नाव लिहिणे बरे दिसेना. ते गेल्यावर सहा महिने त्यांच्या सदऱ्याला हात लावला नाही, कागद कुठून बदलणार? पण त्यासाठी वाघ्याने मरावे, असे नियमात कुठे आहे? मी नियम चार वेळा वाचला.

एक. घर आणि परसातला फणस मुलगी हिरू हिला.

दोन. दीर सोमा याने उसना नेलेला कोयता त्याच्याकडेच राहावा. मागून मागून मी दमले.

तीन. मोती आणि तांबडी घराबरोबर हिरूकडे. परवाना हिरूच्या नावावर काढावा, जावयांच्या नाही. त्यांना राग आला तर येऊ दे.

चार. बंड्या नियमाने जास्तीचा ठरला. माझ्या मरणापर्यंत त्याला थांबता येणार नाही. तो कुंभिवलीची माझी बहीण चंद्रभागा हिला आजच दिला असे समजावे.

पाच. माझ्या दिवसांना आबाजीने येऊ नये. आलाच तर त्याला पान वाढू नये.

सही: पुतळाबाई दामू ठोंबरे
साक्षीदार: चांगो लडकू पाटील (सही), गजा मोरू भोईर (अंगठा)
करंजपाडा, ता. ११ मार्च १९७४

ता. १२. बंड्याला दोरी लावून कुंभिवलीला चालत नेले आणि चंद्रभागेच्या पडवीत बांधून आले.